मोहाखालची सवारी

"याच्यापरीस माही रेंगी बरी," नीलाबाई माझ्या मानेमागे पुटपुटली. "बैल निदान खड्डा पाहते."

मागच्या सीटवर लुगड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये ती अशी कोंबून बसली होती की तिचा श्वास माझ्या ओढणीला लागत होता. मांडीवर चिंचेची टोपली. वाटेवरच्या गावातून आमच्या गाडीत बसून ती धानोऱ्याच्या बाजाराला यायची. फैजच्या अब्बांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, काही ऐकलं नाही. दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून ते नाक काचेला लावल्यासारखे पुढे वाकले होते.

गाडी म्हणजे छप्पन सालची फियाट, सासऱ्यांनी एका लाकूडठेकेदाराकडून घेतलेली. अख्खं गडचिरोली तिला डुक्कर फियाट म्हणे. आमच्या घरात ते नाव कोण घेणार? आम्ही तिला गोल फियाट म्हणायचो, आणि आमच्या तोंडावर लोकही तसंच म्हणायचे. नागपूरचा एक शौकीन ती मागायला आला होता, वरातीत फिरवायला. "ही मिरवाची नाई, चालवाची आहे," असं सांगून मालकांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. खरंच होतं ते. आज हा बाजार, उद्या तो. कापडाचे गठ्ठे भरून ती रोज निघायची.

गेल्या पावसाळ्यापासून गाडी बिघडली, असं आम्ही सगळे म्हणत होतो. समोरचं धूसर दिसतं म्हणून लटारू मिस्त्रीने दिवे बदलले. मग पुढची काच बदलली. जुनी काच त्याने उन्हात धरून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने नवी बसवली. फैज फोनवर म्हणाला, अब्बा, गाडी जुनी झाली, विकून टाका. गाडीला नावं ठेवणं सोपं होतं. ज्या माणसाच्या चाकाखाली उभ्या जन्मात कोंबडीसुद्धा आली नाही, त्याला काय सांगायचं?

मी माझ्यापुरता तोडगा काढला होता. रस्त्याला शिव्या द्यायच्या. "मेल्या शेळ्या, डावीकडेच मरायला येतात," म्हटलं की ते उजवीकडे घ्यायचे. "ट्रकवाल्याला लाज नाही, अंगावरच येतो," म्हटलं की बाजूला व्हायचे. "किती किरकिर करते सुरय्या," म्हणायचे वर. माझा पाय मात्र नसलेला ब्रेक दाबत राहायचा. धानोरा येईपर्यंत पोटरीत गोळा.

त्या पहाटे पाय तो ब्रेक जास्तच दाबत होता. नीलाबाईच्या लेकीचे, रंजीताचे, दिवस भरले होते. बाजार आटोपून परतताना तिला याच गाडीतून गडचिरोलीच्या दवाखान्यात न्यायचं, असं मालकांनी स्वतःहून कबूल केलं होतं. परतताना अंधार होणार. मी गठ्ठे मोजत होते, पुन्हा रस्ता पाहत होते, पुन्हा गठ्ठे.

मोहाचे दिवस होते. फुलं पहाटे गळतात, म्हणून माणसं उजाडायच्या आत झाडाखाली वेचायला बसतात. आणि जंगलात पायी माणूस दिसला की गाडी थांबवायचीच, हा आमच्याकडे सासऱ्यांपासूनचा नियम. मी उजवीकडच्या बैलांना शिव्या देण्यात गुंतले असताना गाडी एकदम थांबली. डावीकडे मोहाखाली कुणीतरी काळी घोंगडी पांघरून पाठमोरं बसलं होतं.

"म्हातारा दिसते," मालकांनी हॉर्न वाजवला. "सरक थोडी. बसू दे त्याले."

माझ्यावरून हात लांबवून त्यांनी दार ढकललं. या गाडीची पुढची दारं उलटी उघडतात. समोरून येणारा सरळ मांडीवरच.

घोंगडीने मान वळवली. तोंडाला मोहाची फुलं चिकटली होती, आणि ते तोंड फार लांब होतं. मागे नीलाबाईची टोपली घसरली.

"ये बा," मालक मायेने म्हणाले. "कुठी जाचं?"

अस्वलाने फुसकारून पुढचा पंजा उचलला. मी दोन्ही हातांनी दार ओढलं.

"चला."

"अवो, त्याले इचारू तर दे."

"चला म्हणते ना."

माझा तो आवाज त्यांनी कधी ऐकला नसावा. त्यांनी गियर टाकला.

वळण गेलं तरी माझे हात कडीवरच होते. "घमंडी आहे म्हातारा," मालक म्हणाले. "हो नाई, नाई नाई. आन तूही त्याच्या तोंडावर दार लावलं. लोक काय म्हणतीन?"

"भाऊ," मागून नीलाबाई म्हणाली, "रंजीताले राहू द्या. आमी रेंगीनं नेऊन घेऊ."

गाडी भर रस्त्यात थांबली.

"रेंगीनं? दिवस भरलेल्या पोरीले? काऊन?"

"तसं नाई भाऊ. गाडी थोडीशी..."

"काय झालं गाडीले? नवे दिवे आहेत. नवी काच आहे." ते माझ्याकडे वळले. माझ्या कानाच्या जरा पलीकडे पाहत म्हणाले, "तू सांग सुरय्या. काय खराबी आहे गाडीत?"

नीलाबाई चिंचा गोळा करत होती. चिंचा संपल्या तरी तिचे हात खालीच होते.

"गाडी चांगली आहे, फैजचे अब्बा," मी म्हटलं. "तिथी अस्वल होतं. तुमाले दिसत नाई."