खाट परत आणणारे काका

"डोळे मिटा आणि सरळ मागे पडा. मागचे झेलतील," असं प्रशिक्षकाने सांगितलं आणि आमचे गाडीवाले काका जागचे हलेनात. आम्ही सहाजण हात पसरून मागे ताटकळत उभे. सगळ्यांनी विनवून झालं, फिजिओने चिडवून झालं. शेवटी काका म्हणाले, "लोखंडी खाटा मी एकटा जिन्यावरून उतरवतो. मला झेलायला कुणी लागत नाही," आणि खुर्चीवर जाऊन बसले.

मला मनातून बरं वाटलं. ही शिबिराची टूम मला मुळात पसंतच नव्हती. आमची संस्था बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची घरी जाऊन काळजी घेते, आणि मी तिथे नर्स. घटका मोजणारी माणसं सोडून दोन दिवस तळ्याकाठी जाऊन फुगे फोडायचे, हे कुठल्या शहाण्याने काढलं? पण आमच्या डॉक्टरबाई हट्टाला पेटल्या होत्या. 'वर्षभरात तिघं नोकरी सोडून गेली, आता काकाही निघालेत. निदान एकदा एकमेकांची तोंडं तरी नीट बघू या,' म्हणाल्या. दुसऱ्या संस्थेच्या नर्स आमच्या रुग्णांकडे दोन दिवस जायला तयार झाल्या आणि मला गाडीत कोंबण्यात आलं.

ती गाडी काकांचीच. म्हणजे संस्थेची, पण चालवणारे तेच. रुग्णाच्या घरी खाट पोचवायची, आणि माणूस गेला की आठवड्याभराने ती सुटी करून परत आणायची, हे त्यांचं काम. आता भाच्याच्या रंगाच्या दुकानात गल्ल्यावर बसायला जातो म्हणत होते. महिनाअखेरीला. का, तर गुडघे दुखतात. त्यांच्यासारखा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता, आणि हे आम्हा सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. अडवायचं कसं ते मात्र कुणालाच सुचत नव्हतं.

संध्याकाळी प्रशिक्षक आपले फुगे घेऊन गेला आणि आम्ही पायऱ्यांवर चहा घेत बसलो. फिजिओ म्हणाला, दुकानात गेल्यावर आम्हाला रंग निम्म्या भावात द्या. काका हसले नाहीत. डॉक्टरबाईंनी हळूच विचारलं, गुडघ्यांचं खरं आहे का हो काका?

काका कप खाली ठेवून बोलायला लागले. म्हणाले, माणूस गेला की सिस्टर दुसऱ्या दिवशी नव्या घरी. तुमची रीतच तशी, मागे वळून बघायचं नाही. त्या घरात पुन्हा जातो तो एकटा मी. आणि लोक मला धरतात. शेवटी फार त्रास झाला का, काही बोलले का, सिस्टर काय म्हणत होत्या. मला काय माहीत? मी सांगतो, शांत गेले, सिस्टर सांगत होत्या. वर्षानुवर्षं तुमच्या नावावर थापा मारतोय.

"मागच्या महिन्यात त्या शिंप्याच्या घरी गेलो," ते म्हणाले. "तो गेला तेव्हा बायको औषध आणायला गेली होती. तिने खाटेचा पाय धरून ठेवला. म्हणाली, माझं नाव घेतलं का त्यांनी? तिथे माझी थापही निघेना. हात सोडवला, खाट उचलली आणि आलो. आता पुन्हा कुणाचं घर रिकामं करायला मी जाणार नाही."

शिंप्याजवळ त्या वेळी मी होते. बायको परत आली तेव्हा पाठोपाठ नातेवाइकांनी घर भरलं, आणि माझं काम संपलं म्हणून मी निघून आले. पायऱ्यांवर बसल्या बसल्या मला भडभडून आलं. त्या बाईसाठी आलं, आणि काकांसाठी त्याहून जास्त. डॉक्टरबाई म्हणाल्या, यापुढे ज्या घरची खाट, त्या घरची सिस्टर काकांबरोबर जाईल. मी म्हटलं, पहिलं घर शिंप्याचं. काका म्हणाले, तिथली खाट तर आलीय. मी म्हटलं, मग खाटेवाचून जाऊ.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी गेलो. बाईने दार उघडलं, काकांना बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "आता काय राहिलं न्यायचं?"

"न्यायला नाही आलो, वहिनी," काका म्हणाले. "या सिस्टर सांगायला आल्यात."

जिना चढताना माझ्या मनात आलं होतं की घेतलं नाव म्हणून सांगून टाकावं, काय बिघडतं. पण ती समोर बसली आणि मला ते जमेना.

"नाव नाही घेतलं हो त्यांनी," मी म्हटलं. "दोन चमचे पाणी घेतलं. मग दाराकडे बघून मला विचारलं, ती जेवली का?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मग तुम्ही काय सांगितलंत?"

"जेवल्या, म्हटलं. मग त्यांनी डोळे मिटले."

"जेवले नव्हते मी," ती म्हणाली आणि तिचा बांध फुटला. रडता रडताच म्हणाली, जन्मभर हेच विचारायचे. दुकानातून आले की हेच, भांडण झालं तरी हेच. मला वाटायचं, या माणसाला दुसरं काही बोलायला सुचतच नाही.

मग ती डोळे पुसून उठली, आणि आम्ही नको नको म्हणत असताना तिने तीन ताटं वाढली. खाट होती तिथेच, भिंतीकडेला आम्ही बसलो. काका मान खाली घालून जेवत होते. मधेच मला म्हणाले, पुढच्या महिन्यापासून निघायला सकाळची वेळ बरी की दुपारची? मी म्हटलं, सकाळची. भाच्याचा विषय मी काढला नाही.

बाईने पहिला घास कितीतरी वेळ हातातच धरला होता. मग तो खाल्ला, आणि दुसरा कालवायला घेतला.