दोराचं मागचं टोक

महिपती अमेरिकेहून परत आला तेव्हा गावानं त्याला दोनच गोष्टी विचारल्या. तिकडची मेंढरं केवढी असतात, आणि सहा महिने तू खाल्लंस काय?

ही पासष्ट सालची गोष्ट. तरुण शेतकऱ्यांची अदलाबदल म्हणून एक योजना आली होती. तिकडची पोरं इकडं राहायची, इकडची तिकडं. ब्लॉक ऑफिसनं सांगोला तालुक्यातून महिपतीचं नाव पाठवलं. धनगराचा पोरगा, शेतकी शाळा शिकलेला, बावीस वर्षांचा. नेब्रास्का नावाच्या मुलखात एमिल नावाच्या शेतकऱ्याच्या घरी तो राहिला. गाई, मका, ट्रॅक्टर यांच्याबद्दल त्यानं वही भरून लिहून आणलं. तिकडच्या मक्याचं बी त्यानं आपल्या रानात लावलं, ते हातभर वाढलं आणि करपलं. सांगोल्याच्या मुरमापुढं त्या वहीतलं काही चाललं नाही. पुढं तो सरकारी कामांवर देखरेखीला लागला. नालाबांध, रस्ते, जे असेल ते.

एक गोष्ट मात्र त्यानं वहीत लिहिली नव्हती. ती फक्त बायकोला, बाळाबाईला सांगितली होती.

एमिलच्या घरापासून गोठा शंभर पावलांवर होता. थंडी सुरू झाली तसा एमिलनं घराच्या दारापासून गोठ्याच्या दारापर्यंत कमरेइतक्या उंचीवर दोर ताणून बांधला. महिपतीला हसू आलं. एमिल म्हणाला, "वादळ आलं की कळेल. दोर सोडायचा नाही, काही झालं तरी."

जानेवारीत एका दुपारी बर्फाचं वादळ आलं. महिपती गोठ्यातून दुधाची बरणी घेऊन निघाला आणि दाराबाहेर पाय ठेवताच सगळं नाहीसं झालं. घर नाही, आभाळ नाही. आपलाच हात कोपरापुढं दिसेना. दोर धरून तो निम्म्या वाटेवर आला, तेव्हा मागच्या बाजूनं दोर खाली दबला. दुसऱ्या माणसानं धरला की दबतो, तसाच. त्याला वाटलं, एमिल असेल. तो थांबला की मागचा भार थांबायचा. तो चालू लागला की पुन्हा मागोमाग. दार सापडलं, तो आत शिरला. एमिल चुलीपाशी बसला होता. पायात बूटसुद्धा नव्हते.

एमिलनं महिपतीचं तोंड बघितलं. उठला आणि त्यानं दार पुन्हा सताड उघडून धरलं. बर्फ घरात उडू लागला. त्याची बायको झाडू घेऊन आली आणि बाजूला उभी राहिली. थोड्या वेळानं एमिलनं दार लावलं.

"माझा भाऊ," तो म्हणाला. "पंधरा वर्षं झाली. गोठ्यापासून आठ पावलांवर सापडला. तेव्हा दोर नव्हता." मग म्हणाला, "घाबरू नकोस. तो फक्त पोचवायला येतो."

त्र्याहत्तरच्या दुष्काळात महिपती सांगोल्याच्या पश्चिमेला एका पाझर तलावाच्या कामावर होता. दीडशे माणसं राबत होती. बांधावर माती टाकायची, शेजारच्या खाणीतून मुरूम काढायचा. पलीकडं लहान पोरांसाठी बांबूच्या तट्ट्यांचं छप्पर उभारलेलं. बांधावरून छपराकडं जाणारी वाट खाणीच्या काठानं जायची.

एप्रिलात भर दुपारी धुळीचं वादळ उठलं. शिवबाई नावाची बाई पोराला पाजायला म्हणून छपराकडं निघाली होती. आठ महिन्यांचं पोर. धूळ बसल्यावर ती खाणीच्या तळाशी सापडली. मान मोडली होती. जिथून तिचा पाय घसरला तिथून छप्पर किती लांब आहे, हे महिपतीनं स्वतः चालून मोजलं. बारा पावलं.

त्या संध्याकाळी तो जेवला नाही. सकाळी सायकल काढून गावोगाव फिरला. विहिरी आटल्या होत्या, मोटा बंद होत्या, मोटेचे जाड नाडे घरोघर खुंटीला पडून होते. त्यानं अकरा नाडे मागून आणले, एकाला एक गाठवले, आणि बांधापासून छपरापर्यंत मेढी रोवून खाणीपासून लांबून दोर ताणला.

गुंडा नावाचा मुकादम कमरेवर हात ठेवून बघत होता. "सायेब, दोर जनावराला बांधत्यात. माणसाला न्हाय."

"बांधायचा कुटं हाय? धरायचा हाय," महिपती म्हणाला.

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शिवबाईची सासू केराबाई तेवढी हसली नाही. तीही कामावर होती. सुटीच्या वेळी ती सून पडली त्या जागी जाऊन बसायची.

मे महिन्यात पुन्हा तसंच झालं. दुपारचे तीन वाजले असतील. वारा एकदम पडला, शेळ्या बांधाला चिकटून उभ्या राहिल्या आणि पश्चिमेकडून तांबडी भिंत सरकत येताना दिसली. महिपतीनं शिट्टी मारली. माणसं दोराकडं पळाली. तो पुढं झाला, गुंडाला सगळ्यांच्या मागं राहायला सांगितलं. मग ते तांबडं अंगावर आलं आणि काही दिसेनासं झालं.

माणसं एकेक करून तट्ट्याखाली शिरत होती. महिपती दाराशी उभा राहून हात लागेल त्याला आत ओढत होता. शेवटी गुंडा आला, खोकत, डोळे चोळत.

"मागं कोण हाय?"

"कोन न्हाय. मीच शेवटचा."

महिपतीचा हात अजून दोरावर होता. दोर दबलेला होता. मेढी करकरत होत्या, आधी लांबची, मग तिच्या अलीकडची. गुंडानंही दोराला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

धुळीतून केराबाई आली. दोन्ही हातांनी दोर धरलेला, डोळे घट्ट मिटलेले.

"म्हातारे, तू कुटं हुतीस? शिट्टी आयकली न्हाईस?" गुंडा ओरडला.

"खानीच्या काठाला हुते." तिनं डोळे उघडले नाहीत. "काय सुदरंना. पाय उचलला तर खाली जमीनच न्हाय. मग हात धरला की तिनं. दोरावर ठिवला. म्हनली, आत्ती, सोडू नगा."

महिपतीनं दोराकडं पाहिलं. केराबाईनं तो कधीच सोडला होता. दाराच्या दोन हात पुढं तो अजून खाली दबलेला होता.

त्यानं वाकून दाराचा तट्टा उचलला आणि वर धरला. धूळ लोटानं आत आली.

"सायेब, पाडा खाली! पोरं गुदमरत्याल!" आतून कुणीतरी ओरडलं.

महिपती हलला नाही. केराबाई आत गेली. झोळीत शिवबाईचं पोर महिन्यापासून रडतं तसं रडत होतं. बाटलीचं दूध ते थुंकून टाकायचं. तिनं ते उचलून आणलं आणि उघड्या दारात, तोंडावर धूळ येत असताना, त्याला पुढं धरून उभी राहिली. रडणं थांबलं. गुंडा दीड हातावर होता, त्यानं नीट पाहिलं. पोराचे ओठ हलत होते. गळ्याशी घोट उतरत होते, सावकाश, एकामागून एक.

किती वेळ गेला कुणाला सांगता आलं नाही. मग दोर वर उचलला गेला आणि ताठ झाला. महिपतीनं तट्टा खाली सोडला. पोर झोपलं ते दुसऱ्या दिवशी सकाळीच उठलं. त्या दिवसापासून बाटलीही घेऊ लागलं.

पंचनाम्यात महिपतीनं लिहिलं की वादळ झालं, जीवितहानी नाही.

जूनमध्ये पाऊस झाला. ज्यांचे नाडे होते ते आले आणि आपापला सोडून घेऊन गेले. काम संपलं. माणसं पेरणीला पांगली. महिपतीनं देखरेखीची नोकरी सोडली. घरात बोलणी बसली. त्याचे वडील, आप्पा, महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. परदेशात जाऊन आलेला पोरगा आता करणार तरी काय?

त्यानं विहिरींना कठडे बांधायला घेतले. आपल्याकडं विहीर म्हणजे रानात उघडं भोक. पाणी शेंदता शेंदता बाई आत गेली, तर तिचं नशीब म्हणायचं आणि सोडून द्यायचं. महिपती गावात जायचा, चावडीवर बसायचा, लोकांकडून दगड आणि श्रम मागायचा. कुणी हाकलून दिलं, तर पुढच्या महिन्यात पुन्हा जायचा. पहिल्याच उन्हाळ्यात एका सकाळी गुंडा त्याच्या दाराशी आला. हातात थापी होती. "गवंडीकाम येतंय मला," एवढंच म्हणाला.

दोघांनी मिळून सांगोल्यात कठडे केले, करकंबकडं केले. बाळाबाई भाकरी बांधून द्यायची आणि ते आठ-आठ दिवस परतायचे नाहीत. पोटापुरतं शेतात पिकायचं.

एकोणऐंशी साली ते करमाळ्याच्या बाजूला एका लहान गावात होते. जुनी, रुंद विहीर, आत चिंचेच्या मुळ्या लोंबत होत्या. तिसऱ्या दिवशी काम निम्म्याच्या वर आलं होतं. एक म्हातारी काठी टेकत आली. गुरम्मा तिचं नाव. जवळच्याच वस्तीवर एकटी राहायची. तिनं अर्धवट कठड्याभोवती एक फेरी मारली आणि उगवतीच्या बाजूला येऊन थांबली.

"हितं बांदू नगा," ती म्हणाली. "मानूसभर जागा सोडा."

"आजी, जागा सोडली तर कठड्याचा उपेग काय?" गुंडा म्हणाला. "कोनीबी आत जाईल की."

"जायाला न्हाय." ती विहिरीकडं न बघता बोलत होती. "ती हितनंच वर येती. वाट बंद झाली तर येनार कशी?"

गुंडानं महिपतीकडं पाहिलं. महिपती हातातला दगड खाली ठेवून उठला. कोण, कधी, कशी, असं त्यानं काही विचारलं नाही.

"फळी लावतो, आतनं ढकलली तर उघडंल अशी," तो म्हणाला. "भायेरनं उघडायची न्हाय. आन् आतल्या बाजूला एक पायरी करतो. केवढी उंच ठेवू, आजी?"

म्हातारीनं वाकून जमिनीपासून वीतभर उंचीवर हात धरला.

"एवडीच," ती म्हणाली. "लहान हाय ती."

गुंडानं छिन्नी उचलली आणि पायरीसाठी दगड शोधू लागला.