आत्याच्या कॅमेऱ्याची कातडी

आत्याने कपाटातून कॅमेरा काढला आणि तिच्या हातात काळी खपली आली. त्या कॅमेऱ्याला हात लावायची घरात कुणाची प्राज्ञा नव्हती, त्यामुळे कुणावर खापर फोडायचीही सोय नव्हती.

आत्याची उभी हयात वर्तमानपत्रासाठी फोटो काढण्यात गेली होती. पूर, आगी, मोर्चे, सगळीकडे कोपराने वाट काढत ती पुढे. आता त्याच वर्तमानपत्राने जुन्या-नव्या सगळ्यांना बोलावलं होतं आणि सगळ्यांचा एकत्र फोटो आत्यानेच, आपल्या कॅमेऱ्याने काढावा, असा संपादकांचा आग्रह होता. कॅमेरा आतून ठणठणीत होता. पण वरचं दाणेदार रबर वयाने पांढुरकं पडून तडकलं होतं.

आत्या तडक भाचीच्या दुकानात आली. भाचीला घरात सगळे चिमटी म्हणत, कारण लहानपणापासून तिच्या हातात चिमटाच असायचा. कॅमेरे दुरुस्त करण्यात आता तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"नवीन आवरण मिळतं, आत्या. मापात कापलेलं. उद्याच लावून देते."

"नवीन नको. माझा अंगठा कुठे टेकतो, ते या जुन्याला माहीत आहे."

चिमटीने बोट फिरवून पाहिलं. पाठीमागे उजव्या बाजूला दाणे झिजून रबर गुळगुळीत झालं होतं. तिने जुनंच रबर वाचवायचं कबूल केलं.

साबणाच्या पाण्यात जेमतेम ओलावलेल्या ब्रशने तिने पांढुरकेपणा उतरवला. जिथे रबर सुटलं होतं, तिथे सुईने खाली पातळ गोंद सोडला. सगळं मनासारखं चाललं होतं आणि तिथेच घात झाला. तिने कोपरा जरा जोरात दाबला. कट्! नखाएवढा धडधाकट तुकडा उडाला आणि फरशीवर त्याचा भुगा झाला.

तिने लगेच फोन लावला.

"आत्या, माझ्या हातून चांगला तुकडा मोडला गं."

"मग बसव दुसरा. रडायला फोन केलायस का?"

खड्डा बुजवायला काळी लुकण होती. पण दाणे कुठून आणायचे? चिमटी कॅमेरा पोटाशी धरून वहिनीच्या दवाखान्यात गेली. वहिनी दातांची डॉक्टर.

"वहिनी, कवळीचा साचा घेतेस तो मसाला दे ना थोडा."

वहिनीने कॅमेऱ्याकडे पाहिलं. "जन्मात पहिल्यांदा असा पेशंट आलाय, जो हात लावायच्या आधी बोंबलत नाही!"

दोघींनी मिळून चांगल्या भागाचा साचा घेतला. दुकानात परतून चिमटीने खड्ड्यात लुकण भरली, ती अर्धवट सुकू दिली आणि साचा दाबला. दाणे फार खोल गेले. सगळं खरवडून पुन्हा भरलं, तर साचा घसरला. पुन्हा खरवडलं. अखेर दाण्याला दाणा जुळला, तेव्हा ती खुर्चीवरून उठून दुकानात एक गिरकी मारून आली. अंगठ्याच्या जागेला तिने हातही लावला नव्हता.

समारंभात आत्याने फोटो काढला आणि लगोलग कॅमेरा पुढे केला. "माझ्या भाचीने दुरुस्त केलाय. कुठे जोडलाय, सांगा पाहू!"

कॅमेरा हातोहात फिरू लागला. "अहो, जरा हळू!" म्हणत चिमटी मागे मागे धावत होती. छापखान्यातल्या म्हाताऱ्या फोरमननी चष्मा कपाळावर चढवला, कॅमेरा नाकाला लावून न्याहाळला आणि डाव्या बाजूच्या अस्सल जुन्या रबरावर छातीठोकपणे बोट ठेवलं. "इथे! माझ्या नजरेतून काही सुटत नाही."

आत्या खदाखदा हसली. "माझ्या भावाची लेक आहे ती!" तिने साऱ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. चिमटीचे कान लाल झाले. तुकडा नेमका कुठला, हे मात्र तिने फोरमनना काही केल्या सांगितलं नाही.