वेलीवरचं पहिलं फूल

शेवटचा फोटो काढून झाला तसं त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि फूल खुडलं. जांभळं, बशीएवढं फूल, असल्या दमट गरम मुलुखातच उमलणारं. दुपारी फोटो क्लबातले बाकीचे येऊन थडकणार होते, त्यांत तो चष्मेवालाही. दरवर्षी स्पर्धेत याच्या नाकावर टिच्चून पहिला येणारा! आता काढ म्हणावं फोटो. फूल रुमालात गुंडाळून त्याने कॅमेऱ्याच्या बॅगेत कोंबलं.

"अहो, झालं का तुमचं?" बायकोने खोलीच्या दारातून विचारलं.

"फक्कड आलाय!"

तेवढ्यात घरमालकीण अंगणात आली. त्यांनी राहायला खोली घेतली होती ती हिच्याकडेच.

"अगबाई! फूल कुठं गेलं?"

"वाऱ्याने पडलं असेल," तो म्हणाला. वारा कसला, पानही हलत नव्हतं.

ती वाकून वेलीखाली शोधू लागली. बायकोही शोधू लागली. मग लाजेकाजेस्तव तोही शोधू लागला.

"सासूबाईंनी लावलेली वेल. इतक्या वर्षांनी आत्ता कुठे फुलली," घरमालकीण म्हणाली. "त्यांना उठवत नाही. म्हटलं, ऊन उतरलं की खुर्चीत बसवून आणू." तिने हात झटकले. "तुम्ही फोटो काढलात ना? निदान तो तरी दाखवा त्यांना."

नाही कसं म्हणणार? बॅग खांद्याला लावून तो तिच्यामागे गेला, बायकोही आली. आतल्या खोलीत म्हातारी उशीला टेकून बसली होती. त्याने कॅमेरा तिच्यापुढे धरला.

"डोळ्यांनी कुठं धड दिसतंय बाबा मला! एकदा वास घ्यायचा होता." बोलता बोलता ती थांबली. नाक वर करून तिने श्वास घेतला आणि खुदकन हसली. "लबाड! आणलंस की, सूनबाई. कुठे लपवलंयस?"

सुनेने त्याच्याकडे पाहिलं, मग बॅगेकडे. बायकोनेही पाहिलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

बॅगेची चेन त्याला लवकर उघडता येईना. रुमालात फूल चुरगळलं होतं. सुनेने ते घेऊन म्हातारीच्या ओंजळीत ठेवलं.

"ह्यांनी आणलंय. तुमच्यासाठी."

"भलं होवो रे तुझं," फूल नाकाशी धरून म्हातारी म्हणाली. "आता माझाही काढ की एक फोटो. फुलासकट."

बायको खिडकीबाहेर बघत राहिली. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. तेवढाच चेहरा झाकला गेला.