लाल दोऱ्याचा टाका

"डाग दाखवायला जीव जातो मेल्यांचा! आणि नाही निघाला की आपल्या नावाने खडे फोडायला सगळ्यात पुढे."

समोरच्या टेबलावर वन्संचं एका पांढऱ्या शर्टाशी भांडण चाललं होतं. कुणीतरी सरबत सांडून तसंच वाळवलं होतं. वाळल्यावर ते दिसत नाही. इस्त्री फिरली की पिवळं उमटतं.

आमच्या लाँड्रीत एक रीत आहे. गिऱ्हाइकाने डाग दाखवला की त्याच्या कडेने लाल दोऱ्याचा कच्चा टाका घालायचा. कापड ओलं झालं की डाग लपतो, टाका लपत नाही. "न दाखवलेला डाग इस्त्रीखाली पक्का होतो," असं वन्सं दिवसातून चारदा म्हणतात, आणि चारही वेळा मला काहीतरी मोजायचं काम निघतं.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. स्वतः लग्न केलं नाही, धाकट्या भावाला वाढवलं, त्याला ही लाँड्री काढून दिली. मी लग्न होऊन आले त्या दिवशी म्हणाल्या, "घे बाई, आता हा तुझा. याचे मोजे यापुढे तू शोध." पंचवीस वर्षं मी मोजे शोधले. तीन वर्षांपूर्वी ते काम संपलं.

आमच्या बॉयलरची झडप शिट्टी घालायची. वाफ जास्त झाली की ती आपोआप उघडते, त्याचीच ती शिट्टी. मला सोसायची नाही. फोनवरचं बोलणं ऐकू यायचं नाही. त्या दिवशी मी झडपेची दांडी नाडीने खाली बांधून टाकली. पाच मिनिटांसाठी. फोन ठेवते तोच गिऱ्हाईक आलं, त्याच्या कोटाची बटणं बघता बघता मी विसरले. हे आत गेले, पाणी बघायला, आणि बॉयलर फुटला.

चौकशीला माणसं आली तेव्हा दांडीवर नाडी नव्हती. "बॉयलर जुना होता," असं वन्संनी सांगितलं आणि कागदावर तेच उतरलं. भेटायला येणारा जो तो मान हलवून तेच म्हणायचा. जुना होता हो, फार जुना. पण चौकशीची माणसं येईपर्यंत लाँड्रीत आम्ही दोघीच होतो, आणि नाडी मी सोडली नव्हती.

तेव्हापासून आम्ही दोघी एकाच छपराखाली. मीठ दे, दार लाव, पाऊस येतोय, कपडे काढ. बोलायचं ते सगळं बोलतो. मी एकदा तोंड उघडलं तर यांच्यामागे उरलेली ही दुसरी बाजूही रिकामी होईल, ही माझी भीती. वन्सं सोडून मला कोण होतं?

देव होता म्हणावं, तर तिथे आनंदच. मी जन्माची ख्रिस्ती, म्हणजे काही माणसं जन्माची डावखुरी असतात तशी. बाप्तिस्मा झाला तेव्हा मी झोपले होते असं आई सांगायची, आणि पुढची पन्नास वर्षं मी काही फारशी जागी झाले नाही. दर रविवारी कडक इस्त्रीचे कपडे घालून मी चर्चमध्ये वन्संच्या शेजारी बसायची. सगळे मिळून प्रार्थना म्हणायचे. तीत क्षमेची ओळ, 'आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर', आली की वन्संचा आवाज थांबायचा. एका श्वासाची खाच, पुढच्या ओळीला पुन्हा सुरू. तीन वर्षं, एकही रविवार न चुकता. मी ती ओळ मुद्दाम मोठ्याने म्हणायची, खाच कुणाला कळू नये म्हणून.

प्रभुभोजनाचा, म्हणजे द्राक्षारसाचा, पेला मात्र मी टाळत आले. पित्ताचं निमित्त सांगायची. गेल्या रविवारी वन्संनी माझं कोपर धरलं. "ऊठ. पित्त काय जन्मभर पुरवणार आहेस?"

मेजापाशी गेले. म्हाताऱ्या पाळकांनी पेला पुढे केला आणि हळूच म्हणाले, "तुझ्यासाठी."

माझा हात उडाला. द्राक्षारस मेजावरच्या पांढऱ्या कापडावर सांडला, चांगला वीतभर. कुणीतरी श्वास ओढला. पाळक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझाच हात कापतो हल्ली. वय झालं."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः ते कापड घेऊन लाँड्रीत आले. डागाभोवती लाल टाके, गोगलगाय फिरल्यासारखे. "मीच घातलेत. हसू नका."

वन्संनी चिठ्ठीची वही ओढली. "डाग कुणाचा लिहू?"

"माझा लिहा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पाळकसाहेब, तो माझ्या हातून..."

"माहीत आहे, बाई," ते म्हणाले. "तरी माझाच लिहा."

वन्संनी लिहिलं. मी कापड उचललं आणि मागच्या मोरीवर गेले.

थंड पाण्याखाली डाग धरून मी उभी होते, आणि ते 'तरी' काही केल्या कानातून जाईना. एकाचा दोष दुसऱ्याने आपल्या नावावर घेतला. ही गोष्ट मला लहानपणापासून पाठ होती. वधस्तंभ, खिळे, सगळं. पाठ होती म्हणूनच कधी ऐकली नव्हती. त्याला माहीत आहे. तरी. नाडी, फोन, बटणं, सगळं माहीत आहे. तरी.

मी म्हटलं, "प्रभू, ते मी केलं." एवढीच प्रार्थना. उजेड पडला नाही, वाणी झाली नाही, नळ गळत होता. पण समोर कुणीतरी आहे आणि ऐकूनही उठून गेलेलं नाही, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. मग मी यांच्यासाठी रडले. तीन वर्षं रडत होते ते माझ्या भीतीने. हे भाजलेल्या हातांनी मला ढकलत "तू बाहेर जा" म्हणाले होते, ते आत्ता आठवलं.

डाग फिकट झाला. पूर्ण गेला नाही.

दुपारी वन्संनी हाक मारली. एवढं मोठं कापड एकटीला घडी होत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायचं, मग चालत एकमेकींकडे यायचं आणि एकीने आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. देताना बोटांना बोटं लागतात. तीन वर्षं आम्ही त्या क्षणी कापडाकडे बघत आलो.

मी चालत गेले. वन्संचे हात पुढे आले. खरखरीत, नखांशी चिरलेले. यांना वाढवलेले हात. मी टोकं दिली नाहीत. वर बघितलं. त्यांचे केस कधी एवढे पांढरे झाले?

"सोड की," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज प्रार्थनेतल्या त्या ओळीपाशी अडतो तसा अडला होता.

"वन्सं, बॉयलर जुना होता, पण शिट्टी घालत होता. झडप मी बांधली होती."