काटकरांच्या टेकडीवरचा पुतळा

जिजाबाई जगदाळे त्या पुतळ्याला नमस्कार करायला गेलीच नव्हती. ती गेली होती त्याच्या तोंडावर चार शब्द फेकायला. सुभानराव काटकर जिवंत होते तेव्हा ते जमलं नाही. ते प्रांताचे सुभे, दारात शिपाई, आणि ही नोकरीवरून काढलेल्या शिलेदाराची बायको. आता साहेबांना जाऊन आठ वर्षं झाली होती आणि ते संगमरवराचे होऊन टेकडीवर उभे होते. निदान आता ऐकून तरी घेतील, असं तिला वाटलं.

टेकडी म्हणायची इतकंच. बडोद्यात कुठली आलीय टेकडी? संवत छप्पन्नाच्या दुष्काळात निजामपुऱ्याच्या पलीकडे, छाणीच्या वाटेवर तळं खणलं, त्याची माती एका अंगाला टाकली, तिचा उंचवटा झाला. वर हिरवळ लावली, चार बाकं ठेवली, झाली बाग. तळं खणताना उपाशी माणसं डोक्यावरच्या पाटीसकट कोसळली, त्यांची नावं कुठे नाहीत. चौथऱ्यावर मात्र सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'दुष्काळात रयतेचा आधार'. लेकीनं, कमलानं ते वाचून दाखवलं आणि जिजाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. दुष्काळभर हा आधार बंगल्यात वाळ्याचे पडदे ओले करून घोरत पडला होता, हे अख्ख्या प्रांताला ठाऊक.

"वाच, अजून काय काय खोटं लिहिलंय ते," ती म्हणाली, आणि कंबरेवर हात ठेवून तिनं मान वर केली. शिवी जिभेवर तयार होती. ती तिथंच राहिली.

वर सुभानराव नव्हतेच. वर तिचा नवरा उभा होता.

पगडी साहेबांची, शेला साहेबांचा, कंबरेची तलवारही साहेबांचीच. पण कपाळ प्रतापरावाचं, मिशीचा उजवा आकडा किंचित खाली उतरलेला तोही त्याचाच. आणि डाव्या भुवईत ती खाच. लग्नाच्या वर्षीच घोडीनं लाथ मारली होती, तिनं स्वतः हळद दाबून बांधली होती. ती खाच कारागिरानं दगडात जशीच्या तशी कोरली होती.

"कमले," तिनं लेकीचं मनगट धरलं, "हे तर तुझे बाबा आहेत गं."

कमलाला वाटलं, उन्हानं आईला भोवळ आली. पाणी शिंपणारा माळी झारी टाकून "शुं थयुं, माजी?" म्हणत धावत आला.

"काही नाही झालं, भाई," जिजाबाई म्हणाली. "माझा माणूस या काटकरांनी चोरून इथं ठेवलाय, एवढंच."

झालं होतं ते असं. एकतीस वर्षांपूर्वी मुंबईहून एक फोटोवाला आला. सगळ्या अंमलदारांच्या तसबिरी काढायच्या, असा हुकूम निघाला होता. सुभानरावांना घाम फुटला. माणूस वाघाच्या शिकारीला जाणारा, पण फोटो काढला की आयुष्य घटतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तेव्हा पुष्कळांच्या बसलेलं होतं म्हणा. बाकीच्यांनी मारुतीला तेल वाहिलं आणि जीव मुठीत धरून फोटो काढून घेतले. सुभानराव हुशार. त्यांनी आपली पगडी, शेला, तलवार उतरवून पागेतल्या प्रतापराव जगदाळ्याच्या अंगावर चढवली आणि त्याला काचेपुढे उभं केलं. फोटोवाल्याला काय, सुभा कोण आणि शिलेदार कोण. त्यानं खाली नाव घातलं, सुभानराव काटकर. पुढे पुतळा घडला तो त्याच एका फोटोवरून.

प्रतापराव घरी येऊन पोट धरून हसला. "साहेबांचं मरण मी अंगावर घेतलं बघ," म्हणाला. तेच तो पागेत बोलला आणि तिथून ते साहेबांच्या कानावर गेलं. चारच दिवसांत साहेबांचा शेला हरवला. तो शेवटचा जगदाळ्याच्या अंगावर पाहिला, असं पाच जणांनी सांगितलं. खोटं नव्हतंच ते. अंगावर घातला कुणी, हे मात्र एकाच्याही तोंडून निघालं नाही. भर पागेत त्याच्या कंबरेची तलवार सोडवून घेतली आणि हजेरीतून नाव कमी केलं. त्या दिवसापासून तो उंबऱ्याबाहेर पडला नाही. वर्षभरात तापाचं निमित्त झालं. वय एकोणतीस. आणि सुभानरावांनी साठीशांत थाटात करून घेतली, जेवणावळी उठवल्या, मगच डोळे मिटले.

आता तुम्हीच सांगा, बाईनं काय समजायचं? माणसाचं आयुष्य नेलं, अब्रू नेली, आणि मेल्यावर त्याचं तोंडही नेलं. बरं, नेलं ते नेलं, वर त्याला स्वतःचं नाव चिकटवलं.

कमला मात्र रागावली नव्हती. बाप गेला तेव्हा ती आठ महिन्यांची. घरात त्याची तसबीर नव्हती. असणार कुठून? जन्मात एकदाच फोटो निघाला, तो काटकरांच्या दिवाणखान्यात. ती चौथऱ्यावर एक पाय ठेवून वर चढली आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग स्वतःच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "आई, ही यांची होय? मी आपली मामाची समजत होते."

माळ्याच्या पोटात काही राहिलं नाही. पाचव्या दिवशी जिजाबाईच्या दारात बग्गी थांबली आणि सुभानरावांचे चिरंजीव, मानसिंगराव काटकर, वाकून आत आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"गावात बोललं जातंय," ते म्हणाले. "तुम्ही टेकडीवर काय म्हणालात ते."

"म्हणाले ते म्हणाले. तुमच्या वडिलांचं तोंड तुम्हाला ओळखता येत नाही?"

"मला आठवतात ते आबासाहेब पिकल्या दाढीचे. तसबीर माझ्या जन्माआधीची. लहानपणापासून रोज सकाळी तिला मुजरा करत आलो. पण आईसाहेबांनी त्या तसबिरीकडे मान वर करून कधी पाहिलं नाही. मला तो आदर वाटायचा. आता झोप लागत नाही."

क्षणभर जिजाबाईला त्यांची कीवच आली. ती फार टिकली नाही.

"त्या वेळचं दुसरं कुणी उरलेलं नाही," मानसिंगराव पुढे म्हणाले. "दोघांनाही पाहिलेल्या तुम्ही एकट्या. रविवारी आबासाहेबांची पुण्यतिथी आहे. भाऊबंद जमतील. त्यांच्यासमोर खंडोबाचा बेलभंडारा उचला आणि हा चेहरा कुणाचा ते सांगा. तुम्ही सांगाल ते मी मानीन."

"आणि माझ्या माणसाचा निघाला तर?"

"कारागीर थांबवून ठेवलाय. डोकं उतरवायचं आणि दुसरं बसवायचं. आमच्या थोरल्या काकांचा तोंडवळा तोच होता, त्यांच्या तसबिरीवरून घडवता येईल."

"मग उतरवलेलं मला द्या."

"काटकरांच्या नावानं घडलेला दगड जगदाळ्यांच्या घरी? लोक तोंडात शेण घालतील आमच्या. तो चुन्याच्या भट्टीत जाईल. तसबीरही जाळणार आहे."

"बरं. पण तसबीर आमची ठरली म्हणजे शेला त्यांच्या अंगावर कुणी घातला तेही ठरलं. चोरीचा आळ खोटा होता, एवढं दप्तरात लिहून द्याल?"

मानसिंगरावांनी जोडा पायात सरकवला. "बापाविरुद्ध कागद मुलगा लिहीत नाही, जिजाबाई."

बग्गी गेली आणि तिनं रागानं पाण्याचा तांब्या अंगणात ओतून दिला. काय पण न्याय. खरं बोललं तर प्रतापराव भट्टीत जाणार आणि चोर तो चोरच राहणार. खोटं बोललं तर तो राहणार, पण त्या मेल्याच्या नावानं हार घालून घेत. आणि खोटं बोलायचं ते बेलभंडारा हातात घेऊन. मराठ्याच्या घरात त्याच्यापलीकडे शपथ नाही. ज्यानं खोटा उचलला त्याच्या घरी दिवा लावायला माणूस उरत नाही, हे ती आईच्या मांडीवर ऐकत आली होती.

"तू काय ते ठरव," कमला म्हणाली. "पण रविवारच्या आधी मला एकदा तिकडे ने."

एकदा कसलं, पोरगी रोज गेली. आपल्या मुलांनाही घेऊन गेली.

रविवारी सकाळी टेकडीवर बाकं पुरली नाहीत इतके काटकर जमले. पगड्या, काठ्या, तपकिरीच्या डब्या. गुरव तबकात बेल आणि भंडारा घेऊन उभा. जिजाबाई ठरवून गेली होती, खरं बोलायचं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नाही ते घेऊन सांगायचं की हा प्रतापराव जगदाळे, आणि चोर कोण ते तुमचं तुम्ही बघा. एवढं बोलून मेलं तरी चालेल, असं तिला झालं होतं.

पण कारागीर कामाचा माणूस. बाईचं काय ते होईल तोवर आपण तयारीत असावं म्हणून तो शिडी लावून वर चढला, त्यानं पुतळ्याच्या गळ्याभोवती दोरा गुंडाळला आणि दोऱ्याच्या कडेनं कोळशानं रेघ ओढली. कुठून कापायचं त्याची खूण. मग छिन्नी दातांत धरून वाट पाहत बसला. कमलानं तोंडावर पदर दाबला.

जिजाबाई त्या रेघेकडे बघत राहिली. एकदा मारलं होतं, ते तिनं मुकाट्यानं पाहिलं होतं. आता परत मारायला निघालेत, आणि हुकूम माझ्या तोंडून हवा यांना. शाबास.

तिनं हात पुढे केले. गुरवानं ओंजळीत बेलभंडारा ठेवला. देवा, ती मनात म्हणाली, खरं काय ते तुला माहीत आहे, मग तुला वेगळं सांगायची गरज नाही. यांना जे सांगेन त्याचं पाप माझ्या एकटीच्या माथ्यावर घाल. पोरीकडे वळून बघू नकोस, नाहीतर मग तुझ्याशीही माझं भांडण.

"हे सुभानराव काटकर," ती मोठ्यानं म्हणाली. "सुभेसाहेब. तरुणपणी असेच दिसत. माझी नजर गेली होती, म्हणून त्या दिवशी भलतं बोलले."

काटकर मंडळींचा जीव भांड्यात पडला. कुणीतरी तपकीर ओढली. कारागिरानं थुंकी लावून रेघ पुसली आणि शिडी उतरला. मानसिंगरावांचे डोळे भरून आले होते. त्यांनी जोडे काढले, पगडी काढून चौथऱ्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी पुतळ्याचे पाय धरून त्यांवर कपाळ टेकलं.

"चुकलो," ते पुटपुटले. "शंका घेतली. पदरात घ्या."

त्यांच्यामागे बाकीचे काटकर रांगेनं उभे राहिले, पाया पडायला.

कुणी असं पायावर डोकं ठेवलं की वडीलधाऱ्यानं लगेच खांद्याला धरून उठवायचं असतं, औक्षवंत हो म्हणायचं असतं. दगडाला ते कुठलं जमायला. त्याची बायको मात्र दोन हातांच्या अंतरावर उभी होती, तिला आवाज होता आणि हक्कही होता. मानसिंगरावांची पाठ हुंदक्यांनी हलत होती.

"आई," कमला हळूच म्हणाली, "पुरे ना."

"असू दे अजून थोडा वेळ," जिजाबाई म्हणाली, आणि तिनं त्यांना ऊठ म्हटलं नाही.