शेवटचं कडवं

समुद्राच्या लोकगीतांचा अल्बम करायचा तर माणूस कोकणात जातो. चंद्रपूरचा प्रफुल पोंभुर्ण्याकडच्या ढिवर मोहल्ल्यात आला, कारण कोकणातले सगळे गायक आधीच कोणत्या ना कोणत्या अल्बमात अडकलेले होते. शिवाय तलावात मासे मारणाऱ्या इथल्या ढिवरांकडे समुद्राचं एक गाणं होतं. गाणं रचणाऱ्या कोणी समुद्र पाहिला नव्हता, त्यामुळे गाण्यात तो फार मोठा होता.

रुखमाबाईनं अंगणात बसून गाणं म्हटलं. नाव वैनगंगेतून निघाली, समुद्रात शिरली, वादळात सापडली. आणि बाई थांबली.

"बाई, शेवटचं कडवं राह्यलं."

"राहू दे."

"अधुरं गाणं कसं टाकू मी?"

"काऊन? समिंदर पुरा मावला काय तुह्या मशीनमधी?"

शेवटच्या कडव्यात नाव घरी येते. घरचा माणूस पाण्यावर असेल तर ते म्हणत नाहीत. म्हटलं, तर नावेला वाटतं आपण पोचलो, आणि ती यायची थांबते.

रुखमाबाईचा मुलगा हरिदास रत्नागिरीकडे ट्रॉलरवर कामाला गेला होता. दोन वर्षांपूर्वी ट्रॉलर बुडाला. बाकीच्यांची प्रेतं मिळाली, त्याचं नाही. वैनगंगेचं पाणी जातं पूर्वेच्या समुद्राला आणि पोरगा गेला पश्चिमेच्या, पण रुखमाबाईच्या लेखी समुद्र एकच. मोहल्ला काय ते समजून होता. सून पुनमसुद्धा. राजुऱ्याचं एक स्थळ तिच्यासाठी सहा महिने थांबून होतं. पुनम म्हणायची, "आई म्हणन तवा." आई काही म्हणत नव्हती, रोज हरिदासचाही भात टाकत होती.

प्रफुलला यातलं काही ठाऊक नव्हतं. बाईला खूश करावं म्हणून त्यानं तिच्या कानांना हेडफोन लावले. "गाण्यामागं हा आवाज टाकतो मी. खऱ्या समुद्राचा."

"गिरणी सुरू हाय काय कुठी?"

"लाटा हायेत, बाई."

रुखमाबाई ऐकत राहिली. प्रफुलनं हेडफोन काढायला हात पुढं केला, तर तिनं तो बाजूला सारला.

"आसाच राह्यते काय तिथी? बंद नाई होत?"

"नाई. दिवसरात."

"मंग एवढ्यात कोनाची हाक कोनाले आयकू येते, बाबू."

तिनं हेडफोन उतरवले. ओसरीवर पुनम तांदूळ निवडत होती.

"पुनम, इथी येऊन बस. बाबू, लाव मशीन."

*नाव आली काठाले वो,*
*भात वाढ ताटाले...*

पुनमनं सुपातून मान वर केली नाही. हात मात्र थांबले होते.

गाणं संपलं. प्रफुल खूश झाला. "एक बार आखीन घेऊ, बाई. मधात बकरी वरडली."

"नाई बाबू," रुखमाबाई उठत म्हणाली, "हे एकच बार म्हनतेत."

मग सुपातल्या तांदळाकडे पाहून ती पुनमला म्हणाली, "दोघींपुरतेच घे."

अल्बममध्ये ती बकरी अजून आहे.